घरच्याच जेवणातून वजन कमी करायचंय? सुरुवात तेलाच्या पळीपासून करा

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर वजन केलं तेव्हा काट्यावर ७१ किलो आले, उंची माझी १५५ सेंटिमीटर, आणि आज ६२ किलो आहे. अकरा महिने लागले. या अकरा महिन्यांत मी स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक केला नाही, घरात आम्ही चौघं, मी, मिस्टर, मुलगा आणि सासूबाई, आणि चौघांच्या ताटात एकच जेवण. याआधी तीनदा डाएट सुरू करून सोडलेलं होतं आणि दरवेळी कारण तेच, सकाळी सातच्या आत डबे भरायचे आणि त्यात आपल्यासाठी वेगळं काहीतरी उकडत बसायचं हे आठ-दहा दिवसांच्या वर टिकतच नाही. म्हणून जे पहिल्यांदाच सुरू करतायत त्यांच्यासाठी क्रमाने लिहितेय, आधी काय करायचं आणि नंतर काय, कारण सगळं एकदम धरलं की सगळं एकदमच सुटतं.

सुरू करायच्या आधी एक महत्त्वाचं. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण गोळी तेवढीच आणि जेवण कमी झालं तर शुगर एकदम खाली येऊ शकते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, चक्कर येते. किडनीचा त्रास असेल, दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल तर तेच. थायरॉईड कधी तपासला नसेल आणि वजन उगाच वाढत असेल, थकवा असेल, तर आधी ती टेस्ट करून घ्या.

पहिला आठवडा फक्त लिहायचं

पहिले सात दिवस काहीही बदलायचं नाही. मुलाची जुनी वही घ्या आणि तोंडात जे जाईल ते लिहा, चहा किती कप, त्यात साखर किती चमचे, डबा भरताना तोंडात टाकलेला पोळीचा तुकडा, मुलाच्या डब्यात उरलेला पराठा वाया नको जायला म्हणून खाल्लेला, संध्याकाळी शेव-चिवड्याची मूठ. तीन जेवणं सगळ्यांना आठवतात, हे मधलं आठवत नाही. माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात रोज चार कप चहा निघाला, प्रत्येकात दोन चमचे साखर, आणि दोन कपांबरोबर टोस्ट नाहीतर खारी. जेवण माझं तसं जास्त नव्हतंच, सगळे म्हणायचे तू खातेस तरी किती, आणि ते खरंच होतं, वजन या मधल्या खाण्यातून आणि तेलातून येत होतं.

याच आठवड्यात एकदा वजन आणि एकदा कंबर मोजून ठेवा. शिवणाची टेप चालते, बेंबीच्या जरा वर, बरगडी संपते आणि कमरेचं हाड सुरू होतं त्याच्या मधोमध, श्वास सोडून. आपल्या भारतीयांसाठी बाईची कंबर ८० सेंटिमीटर आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत हवी, कारण आपल्याकडे चरबी पोटावर जास्त बसते. बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, तो पण आपल्यासाठी वेगळा धरतात, २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा. माझ्या उंचीला २३ म्हणजे ५५ किलो आणि २५ म्हणजे ६० किलो, म्हणजे मला अजून थोडं जायचंय.

दुसरा आठवडा तेल

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे कारण आपल्या मराठी स्वयंपाकात सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो.

आपल्याकडे तेल मोजायची पद्धत नाही, पळी असते. तेलाच्या भांड्यातली पळी उचलायची आणि कढईत ओतायची, भाजी जरा कोरडी वाटली की अजून अर्धी. तुमच्या घरातली पळी धुऊन पाण्याने भरा आणि ते पाणी औषधाच्या बाटलीबरोबर येतं त्या ५ मिलीच्या मापाने मोजा. आमच्या पळीत पाच मापं बसली, म्हणजे २५ मिली. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, पोळी-भात-साखर यांच्या एका ग्रॅममधल्या पिठूळ आणि गोड भागात ४, डाळीतल्या प्रोटीनमध्ये पण ४. म्हणजे एक पळी तेल साधारण २०० कॅलरी. मी चौघांच्या भाजीला दोन पळ्या घालत होते, आमटीच्या फोडणीला एक, पोळ्यांच्या घडीला आणि वरून लावायला वेगळं, आणि मग आठवड्यातून दोनदा भजी किंवा पुऱ्या.

अजून एक हिशोब घरी करून बघा. महिन्याला तेल किती लागतं? आमच्याकडे ५ लिटरचा कॅन महिनाभर जायचा. ५ लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो, चार माणसं, तीस दिवस, म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम, बाहेरचं खाल्लेलं त्यात नाही. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था २००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप धरून २७ ग्रॅम सांगते. तसं केलं तर चौघांना महिन्याला साडेतीन लिटर पुरायला हवं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी मन की बातमध्ये तेल १० टक्के कमी आणायला सांगितलं होतं, सुरुवातीला तेवढं जरी केलं तरी चालेल, म्हणजे ५ च्या जागी साडेचार लिटर आणायचं आणि महिना त्यातच काढायचा. दुकानातूनच कमी आणलं की रोज मनाशी भांडावं लागत नाही, हा माझा सगळ्यात मोठा अनुभव.

स्वयंपाक कसा बदलायचा ते सांगते. पळी काढून टाकली आणि मसाल्याच्या डब्यातला छोटा चमचा तेलाच्या भांड्यात ठेवला, चौघांच्या भाजीला असे पाच चमचे. सासूबाई म्हणाल्या, "अगं एवढ्याशा तेलात भाजी खाली लागेल." आणि पहिल्या दिवशी भेंडी लागलीच. मग त्यांनीच सांगितलं की कढई आधी चांगली तापू दे, तेल मोहरी-जिऱ्यापुरतं, कांदा परतताना मीठ घाल म्हणजे पाणी सुटेल, आणि वर झाकणात पाणी ठेवून वाफ काढ. झाकणात पाणी ठेवायची ही जुनी पद्धत आहे, गवार, घेवडा, कोबी, दोडका, फ्लॉवर सगळं त्यात मस्त शिजतं आणि खाली लागत नाही. "अहो आई, हे तुम्ही आधीच करत होतात की," म्हटलं तर म्हणाल्या, "तेव्हा तेल रेशनवर मोजून मिळायचं गं." रस्सा भाजीला तेलाचा तवंग आलाच पाहिजे हे मात्र डोक्यातून काढावं लागलं. कट आला की भाजी झाली असं आपण समजतो, पण चव वाटणाची असते, कांदा-खोबरं तव्यावर कोरडं भाजून वाटलं की तीच चव येते. खोबरं मात्र जपून, त्यात पण तेलच आहे.

तूप बंद करायची काही गरज नाही. वरणभातावर अर्धा चमचा घ्या, पण मोजून.

चहा

चहा सोडू नका. साखर कमी करा आणि हळू करा. सपाट चमचा म्हणजे ४ ते ५ ग्रॅम साखर, माझे दिवसाचे आठ चमचे म्हणजे ३२ ते ४० ग्रॅम झाले, आणि जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की वरून घातलेली साखर दिवसभरात २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम, त्यात गोड पदार्थ, बिस्किटं, सरबत सगळं आलं. मी दर दहा दिवसांनी अर्धा चमचा कमी केला. दोनवरून अर्ध्यावर यायला महिना लागला आणि आता कुणाकडे दोन चमच्यांचा चहा प्यायले तर गोडमिट्ट लागतो. गूळ घातला म्हणून चालतं असं नाही, कॅलरीला गूळ आणि साखर जवळपास सारखेच, मध पण तसाच. सकाळी लिंबू-मध-गरम पाणी घेतल्याने चरबी वितळत नाही, पाणी पोटात जातं तेवढा फायदा, मधाच्या कॅलरी वर.

टोस्ट, खारी, बटर, नानकटाई हे सगळं मैदा आणि वनस्पती तूप. घरात आणणंच बंद केलं. त्याऐवजी फुटाणे, किंवा चुरमुऱ्यात कांदा-टोमॅटो-कोथिंबीर-लिंबू, वरून शेव न टाकता.

ताट कसं वाढायचं

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ताटाकडे वळा. आपलं ताट मुळात फार चांगलं आहे, डाव्या बाजूला कोशिंबीर-चटणी-लिंबू, उजवीकडे भाजी-आमटी, पण झालंय काय की कोशिंबीर चमचाभर आणि पोळ्या चार. हे उलट करायचं. कोशिंबिरीची वाटी मोठी घ्या, काकडी, गाजर, मुळा, टोमॅटो, कोबी काहीही, दाण्याचं कूट एक चमचा बास, दही घरचं. ती आधी खाऊन संपवा, मग पोळीला हात लावा. अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं, पाव पोळी किंवा भात, पाव डाळ-उसळ-अंडं-मासे, असं डोळ्याने मोजता येतं, वजनकाटा लागत नाही.

पोळी आणि भात दोन्ही एका जेवणात हवे असतील तर एक पोळी कमी करून त्या जागी वाटीभर भात. भात सोडायची गरज नाही, कोकणातल्या माणसाला भात सोड म्हणणं म्हणजे त्याला घर सोड म्हणण्यासारखं आहे, तेवढा अन्याय कशाला. भाताचं प्रमाण बांधा आणि बरोबर आमटी-उसळ-माशाचं कालवण भरपूर घ्या.

आता भाकरी. "मी पोळी बंद केली, भाकरी खाते, तरी वजन हलत नाही" हे मी खूप जणींकडून ऐकलंय. गव्हाचं पीठ घ्या, ज्वारीचं घ्या, बाजरीचं घ्या, शंभर ग्रॅमला कॅलरी थोड्याफार फरकाने सारख्याच, साधारण ३३० ते ३६०. फरक आकारात आहे. एक फुलका २५-३० ग्रॅम पिठाचा होतो, आणि गावाकडची चांगली तळहाताएवढी नाही तर ताटाएवढी थापलेली भाकरी ७०-८० ग्रॅम पिठाची. म्हणजे एक भाकरी म्हणजे अडीच फुलके. दोन भाकऱ्या खाल्ल्या तर पाच फुलके झाले. भाकरीला तेल लागत नाही, तिच्यात चोथा भरपूर, पोट भरल्याचं लवकर कळतं आणि जास्त वेळ टिकतं, म्हणून भाकरी चांगलीच आहे, मी रात्री भाकरीच खाते, पण एक. एकदा घरातला किचनचा काटा असेल तर उंडा वजन करून बघा, नंतर हाताला अंदाज येतो.

घडीची पोळी खायची असेल तर आतलं तेल बोटाने लावा, चमच्याने ओतू नका, आणि वरून लावायचं सोडा. डब्यात कडक होतात म्हणून तेल लावतो ना, तर कणीक जरा सैल मळून अर्धा तास झाकून ठेवा आणि पोळी तव्यावरून काढली की लगेच फडक्यात गुंडाळा, मऊ राहतात.

डाळ घट्ट करा

भूक वारंवार लागत असेल तर बहुतेक वेळा प्रोटीन कमी पडतं. आपल्याकडे वरण पातळ करतात, चौघांत अर्धी वाटी तूरडाळ, म्हणजे माणशी किती आली बघा. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत २२-२४ ग्रॅम प्रोटीन असतं, पण २० ग्रॅम डाळ पोटात गेली तर जेमतेम साडेचार-पाच ग्रॅम. म्हणून वरण घट्ट करा आणि रोज एका जेवणात उसळ ठेवा. मटकी, मूग, चवळी, हुलगे, मसूर, वाटाणा, आलटून-पालटून. मटकी रात्री भिजवायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायची, संध्याकाळपर्यंत मोड डोकावतात, दुसऱ्या दिवशी सकाळी छान लांब होतात. मी रविवारी अर्धा किलो भिजवते आणि मोड आले की फ्रीजमध्ये डब्यात ठेवते, बुधवारपर्यंत प्रश्न नाही. एका अंड्यात प्रोटीन ६ ग्रॅमच्या आसपास, पिवळं फेकायची गरज नाही. पिठलं हा तर वजन कमी करणाऱ्याचा खरा मित्र, बेसन डाळीचंच ना, फक्त फोडणीला दोन चमचे तेल आणि बरोबर एक भाकरी, कांदा, ठेचा. दुपारी ताक, पातळ, जिरं-हिंग-मीठ, साखर न घालता.

दाणे चांगले आहेत पण दाण्याच्या कुटावर लक्ष ठेवा, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी आहेत आणि आपण वांग्यात, कोशिंबिरीत, आमटीत, चटणीत सगळीकडे मूठमूठ टाकतो.

उपास

एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते हिशोबाने पण खरं आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, प्रोटीन नाहीच म्हटलं तरी चालेल. एका डिशमध्ये ६० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाणे, मोठा चमचा तूप आणि अर्धा बटाटा धरला तर साडेपाचशेच्या घरात कॅलरी जातात, आणि उपासाला आपण एक डिश खाऊन थांबत नाही, बरोबर बटाट्याचे वेफर्स, दुपारी केळं-खजूर, रात्री वडे. श्रावणात सोमवार, शनिवार, मग चतुर्थी, नवरात्रात नऊ दिवस, असं धरलं तर वर्षात हे दिवस खूप होतात.

उपास सोडा असं मी कुणाला म्हणणार नाही, मी स्वतः आषाढी आणि नवरात्र करते आणि मनापासून करते. बदल एवढाच, खिचडी एका वेळेला आणि लहान डिश, दुसऱ्या वेळेला भगर आणि दाण्याची पातळ आमटी, किंवा राजगिऱ्याची भाकरी आणि उपासाला चालणारी भाजी, लाल भोपळा, काकडी, भेंडी, तुमच्याकडे जे चालतं ते. रताळं तळून काप करण्यापेक्षा उकडून दह्याबरोबर. ताक आणि दूध दिवसभरात. एक फळ, ज्यूस नाही. दुसऱ्या दिवशी उपास सोडताना गोड-धोड एकदम नको, वरणभातावर सोडा.

संध्याकाळचे पाच ते आठ

माझ्या वहीत सगळी गडबड या तीन तासांत होती. ऑफिस सुटतं, स्टेशनवर उतरलं की वडापावच्या गाडीचा वास, दुपारच्या डब्याला पाच तास झालेले. भूक लागल्यावर मन घट्ट करायला सांगणं चुकीचं आहे, भूक लागायच्या आधी काहीतरी खाल्लं पाहिजे. माझ्या पर्समध्ये फुटाण्यांची छोटी डबी असते, साडेपाचला ट्रेनमध्ये बसायला मिळो न मिळो मूठभर खाते आणि पाणी पिते, आणि मग स्टेशनवर पाय आपोआप पुढे जातात. वडापाव खायचाच असेल तर ठरवून एक दिवस खा, आमचा शुक्रवार आहे, एक खातो, आवडीने खातो.

रात्रीचं जेवण साडेआठच्या आत झालं तर बरं, पण कामाच्या वेळा सगळ्यांच्या सारख्या नसतात, साडेदहाला घरी येणाऱ्यांनी सात वाजता डब्यातली पोळी-उसळ खाऊन घ्यावी आणि घरी आल्यावर फक्त ताक किंवा वाटीभर मुगाची खिचडी. दोन वेळाच जेवायची पद्धत पण आपल्याकडे बऱ्याच जणांनी धरली आहे, ज्यांना झेपते त्यांना फायदा होतो, मला मात्र दोन जेवणांच्या मध्ये डोकं दुखायचं म्हणून मी तीन वेळा जेवते आणि मधलं खाणं बांधलेलं ठेवते.

लग्न, सण, पाहुणे

पुरणपोळी खा, उकडीचे मोदक खा, वर्षात असे दिवस थोडे असतात. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी पंगतीत बसू नका, त्याने दुप्पट जातं. आग्रह झाला तर ताटावर हात आडवा धरून "अर्धीच वाढा काकू, फार छान झालीय" म्हणायचं, वाढणाऱ्याचं मन पण राहतं. दिवाळीचा फराळ चार दिवस खाऊन झाला की उरलेला ऑफिसात नेऊन वाटा. डबा ओट्यावर दिसत राहिला की जाता-येता हात जातोच.

वजन कधी करायचं

आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी. रोज केलं तर मन खट्टू होतं, कारण पाणी-मिठाने किलो-दीड किलो इकडे-तिकडे होतंच, बायकांचं पाळीच्या आधी वाढलेलं दिसतं, ते चरबीचं नसतं. आठवड्याला अर्धा किलो कमी होणं पुष्कळ झालं, माझं तर महिन्याला ८०० ग्रॅमच्या आसपास होत होतं. जेवणानंतर शतपावली आणि दिवसातून कधीतरी अर्धा तास भरभर चालणं चालू ठेवा, गुडघे दुखत असतील तर दहा-दहा मिनिटं तीनदा.

आणि वजन मध्येच अडकेल, सगळ्यांचं अडकतं. माझा जूनच्या सुमारास पाच आठवडे काटा एका जागी होता, तेव्हा जेवण अजून कमी करायच्या ऐवजी पहिल्या आठवड्यातली वही परत काढली आणि सात दिवस पुन्हा सगळं लिहिलं. पाऊस सुरू झालेला, संध्याकाळी आठवड्यातून तीन वेळा कांदाभजी होत होती, आणि तेलाच्या भांड्यात कुणीतरी छोट्या चमच्याच्या जागी परत पळी ठेवलेली. पळी धुऊन वरच्या फळीवर ठेवली, भजी रविवारवर नेली आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात काटा ६५ च्या खाली आला.